‘नोस्फेराटू’ची डिस्क निवडताना
एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ हा १९२२ सालचा जर्मन मूक भयपट ब्ल्यू-रेवर घ्यायचा असेल, तर डिस्क मुर्नाऊ यांच्या नावाच्या जर्मन प्रतिष्ठानाने जीर्णोद्धार केलेल्या प्रतीवरून काढली आहे का, हे आधी पाहावे. ज्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर तो परवानगीविना बेतला होता तिच्या हक्कांवरून झालेल्या खटल्यात न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता, त्यामुळे इतरत्र उरलेल्या प्रतींवरून तो पुन्हा जुळवावा लागला.

खरी कसोटी रंगछटांची. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून फिल्मला निळी छटा दिली जात असे. ही छटा नसलेल्या प्रतीत, सूर्यप्रकाशाने मरणारा रक्तपिपासू पिशाच्च काउंट ऑर्लोक आपली शवपेटी घेऊन चक्क भर उन्हात गावातून चालताना दिसतो आणि भीतीचा पायाच ढासळतो. निळाईत तोच प्रसंग आजही अंगावर काटा आणतो.

गतीही तपासावी. सेकंदाला २४ फ्रेमनी धावणाऱ्या प्रतीत माणसे विनाकारण लगबग करतात. १८ फ्रेमच्या आसपासची गती शोभते. हान्स एर्डमान यांच्या मूळ संगीतावर आधारलेला ध्वनिपट असल्यास तोच निवडावा, आणि टीव्हीवरील मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) न विसरता बंद करावे.