जुना पीसी सुधारायला घेताय? आधी जुन्या डिस्कची वायर काढा

परवा दाजींचा फोन आला. कोल्हापूरजवळ उचगावला त्यांच्या घरी २०१३ सालचा पीसी आहे. बटण दाबून चहा टाकला तर चहा कपात येतो, पण डेस्कटॉप काही येत नाही. नवा घ्यायचा तर पोरीच्या फीच्या पैशाला हात लावावा लागेल. पाच-सहा हजारांत काही होईल का, असं विचारत होते. होतं, चांगलंच होतं. पण गेल्या वर्षी हेच काम मी आमच्या घरच्या पीसीवर केलं आणि त्यात जे गेलं ते परत मिळालं नाही. म्हणून दाजींना फोनवर तोंडी सांगण्यापेक्षा सगळं लिहून काढतोय. ज्यांच्या घरी टेबलाखाली असा एखादा जुना डबा घरघरत पडलाय, त्यांनाही उपयोगी पडेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण शेवटपर्यंत वाचायला सगळे थांबत नाहीत. नवी एसएसडी (हार्ड डिस्कसारखाच डेटा साठवणारी, पण आत काही न फिरणारी वेगवान डिस्क) बसवल्यावर, विंडोज टाकायला बसण्यापूर्वी, जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढा. एक चपटी, बहुतेक वेळा लाल, डेटाची. दुसरी एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून येणारी, पिवळ्या-लाल-काळ्या तारांची. दोन्ही काढायच्या.

मी काढल्या नव्हत्या. आमची जुनी डिस्क ५०० जीबीची आणि नवी एसएसडी ४८० जीबीची. नवी चालते का हे बघायला मी ती जुन्या विंडोजमधूनच आधी फॉरमॅट करून घेतली होती. त्यामुळं विंडोज टाकताना सेटअप जी डिस्कची यादी दाखवतो, तिच्यात दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तिथं डिस्कचं नाव येत नाही, कंपनी येत नाही, नुसतं ‘ड्राइव्ह ०’ आणि ‘ड्राइव्ह १’. आकडाही खोक्यावरचा येत नाही. कंपन्या हजाराच्या पटीनं मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळं ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते आणि ४८० ची ४४७. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मला वाटलं, ४८० मधले थोडे कापून ४६५ झाले असतील. शेजारीच रिकाम्या जागेचा रकाना होता, तो वाचला असता तरी कळलं असतं. डिलीट दाबलं, नेक्स्ट दाबलं, आणि विंडोज टाकून झालं. पीसी सुरू केला तर तेवढाच वेळ लागला, आणि कॅबिनेटमधून तीच ओळखीची करकर आली. एसएसडीला आवाज नसतो. त्या करकरीनं मला काय झालंय ते सांगितलं.

त्या डिस्कवर आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आक्कानं २०१६ साली गावाकडं मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या, जवळजवळ चाळीस मिनिटं. तो मोबाईल केव्हाच मोडीत गेला, आणि आईही राहिली नाही. बॅकअप मी घेतला होता, पण डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या दोन फोल्डरांचा. ओव्या थेट सी ड्राइव्हवर ‘आक्का’ नावाच्या फोल्डरमध्ये होत्या. नंतर फोटोरेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दोन रात्री चालवलं. हजारो फोटो नावाशिवाय परत आले. ओव्यांतली अकरा मिनिटं मिळाली, तीही तुटक. ‘पहिली माझी ओवी’ एवढं ऐकू येतं आणि फाईल संपते.

वायर काढलेली असती तर यादीत एकच डिस्क दिसली असती, आणि चूक करायची म्हटली तरी करता आली नसती.

आता सुरुवातीपासून. पैसे खर्च करण्याआधी घरात काय आहे ते बघा. सीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) आणि रॅम कुठल्या जातीची, किती खाचांत किती बसवलीय, सगळं दिसतं. दुकानात जाऊन नुसतं ‘आठ जीबी रॅम द्या’ म्हणू नका. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकींच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते, आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. लॅपटॉपची रॅम आणखी वेगळी, आखूड. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी रॅम काढून कागदात गुंडाळून सोबत न्या. २०१२-१३ च्या पुष्कळ घरगुती पीसींत एच६१ चिपसेटचा बोर्ड असतो. त्याला रॅमच्या दोनच खाचा असतात आणि १६ जीबीच्या वर तो जात नाही. आणखी एक: तुमचं विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम ते वापरणारच नाही. सिस्टिमच्या माहितीत एका ओळीत लिहिलेलं असतं, बघून घ्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येतही बघा. पिवळा रंग आणि ‘कॉशन’ दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डेटा बाहेर काढा.

खरेदी. पहिली एसएसडी, दुसरी रॅम, तिसरं काही नाही. यावर मी वाद घालायला तयार आहे. जुन्या डिस्कचा वेळ वाचण्यात कमी आणि शोधण्यात जास्त जातो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारी सुई हवी त्या जागी न्यायची, पुन्हा हलवायची, पुन्हा दुसरीकडं न्यायची. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाईली मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून तोच प्रोसेसर एकदम तरुण झाल्यासारखा वाटतो. एच६१ वर डिस्क जोडायचे सगळे पोर्ट साटाच्या जुन्या, साटा २ या पिढीचे असतात, म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी फरक डोळ्याला दिसण्याइतका पडतो. साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या. एम.२ ची पातळ पट्टी एवढ्या जुन्या बोर्डावर बसत नाही. दुकानदार कन्व्हर्टर कार्ड दाखवेल, पण त्यावरून पीसी बूट, म्हणजे सुरू होईलच असं नाही, नको म्हणा. २४० जीबीत काम भागतं. फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू देत.

रॅम ८ जीबीपर्यंत न्या आणि थांबा. जुनी वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही, ती फार झिजत नाही. फक्त विंडोजमधली मेमरी तपासणी एक रात्र चालवा. वापरलेली एसएसडी मात्र अजिबात नको, तिची लिहिण्याची क्षमता मोजकी असते आणि आधीच्यानं किती वापरली ते दुकानदार सांगणार नाही. ग्राफिक्स कार्ड नको, जुन्या एसएमपीएसवर त्याचा भार टाकायचा नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन-तीन दुकानांत दर विचारा, रॅमचे भाव फार हलतात. बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्या नंबरावर मिळते, ओळखीवर नाही.

विंडोजचं काय करायचं हे घरातून निघण्याआधीच ठरवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी जादा सुरक्षेसाठी नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, दाजींचा तिसऱ्या पिढीचा आहे, तिथं ते रीतसर चालत नाही. आडवाटेनं टाकता येतं, पण पुढं अपडेट मिळतीलच याची हमी नाही. अशा पीसीवर बँकेचं काम करायचं असेल तर माझं मत विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. फुकट आहे, ब्राउझर तोच, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच मिळतो. टॅली किंवा जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र विंडोजला पर्याय नाही.

वायरी. एसएसडीच्या खोक्यात साटा केबल बहुधा नसते. स्क्रूही नसतात. रात्री नऊला हे लक्षात आलं तर काम तिथंच अडतं. लांबट केबल आधीच घ्या. एसएमपीएसला साटा पॉवरचं जादा तोंड आहे का तेही झाकण उघडून बघून ठेवा. नसेल तर डीव्हीडी ड्राइव्हची वायर काढून वापरा, तिला आता काय काम आहे? स्वस्तातला पांढरा चार पिनी कन्व्हर्टर शक्यतो टाळा, ते तापून जळालेले ऐकलेत. आणि तिकडच्या वायरी मोजताना डोक्यात एक ठेवा: जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी विंडोज टाकताना मोकळ्या राहणार आहेत.

पेनड्राइव्ह दोन. एक किमान ८ जीबीचा, त्यावर विंडोज किंवा मिंट टाकायचं. हा पूर्ण पुसला जातो, त्यामुळं बॅकअप त्यावर ठेवू नका. दुसऱ्यावर मदरबोर्डचे लॅन आणि साउंडचे ड्रायव्हर, कारण नव्या विंडोजमध्ये इंटरनेट चाललंच नाही तर ड्रायव्हर आणणार कुठून? मोबाईलचं यूएसबी टेदरिंग (केबल लावून मोबाईलचं नेट पीसीला देणं) बहुतेक वेळा वाचवतं, तेही लक्षात असू द्या.

बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर. फक्त डॉक्युमेंट्स नाही, सी ड्राइव्ह उघडून एकेक फोल्डर बघा, घरातल्या प्रत्येकाला शेजारी बसवून विचारा, ‘तुझं यात काय आहे?’ आक्काला मी विचारलं असतं तर तिनं दोन सेकंदांत सांगितलं असतं. ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क. फॉन्ट! अण्णांनी दूध संस्थेचे वीस वर्षांचे ठराव डीव्हीबी-टीटीसुरेखमध्ये टाइप केलेत. ते युनिकोड नाही. फॉन्ट नसेल तर फाईल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चिवडा दिसतो, आणि माणूस घाबरून फाईल खराब झाली समजतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टच्या सगळ्या फाईली उचलून घ्या, म्हणजे पाच मिनिटांत ठीक होतं. मग ती बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाईली खरंच उघडून बघा. कॉपी झाल्याचा हिरवा पट्टा म्हणजे बॅकअप नाही. आणि ती डिस्क तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चं पंचगंगेचं पाणी ज्यांनी दारात बघितलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष काम सकाळी करा. रात्री नाही, मी रात्री केलं. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर त्यावरच बसा. स्विच बंद, प्लग काढलेला, मग पॉवरचं बटण दोन वेळा दाबा म्हणजे आत उरलेला करंट जातो. झाकण काढायच्या आधी आणि नंतर मोबाईलवर फोटो. कॅबिनेट गच्चीवर न्या, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरा, पंखा गरगर फिरू देऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेनं रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर येतो. पोराच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कण झटका, मग बसवा. दोन्ही बाजूंनी ‘कट’ आवाज आला की बसली. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, तोही बदलून टाका. तो मेला की तारीख मागे जाते आणि ब्राउझरमध्ये साइटी उघडत नाहीत, आणि माणूस नेटवाल्याला शिव्या देतो.

एसएसडी लावली? मग जुन्या डिस्कची वायर. माझ्यासारखं ‘मी नीट बघून निवडीन’ म्हणू नका. बरोबर डिस्क निवडली तरी दुसरं संकट आहेच. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज स्वतः एसएसडीवर बसतं, पण सुरू होण्याचा छोटा भाग जुन्या डिस्कवरच्या बूटच्या कप्प्यात टाकू शकतं. मग चार महिन्यांनी जुनी डिस्क मेली की नवीही सुरू होत नाही, आणि कुणाला कारण कळत नाही. डेटाची वायर, पॉवरची वायर, दोन्ही. सेटअपच्या यादीत ‘ड्राइव्ह ०’ एवढी एकच डिस्क दिसली पाहिजे. ‘ड्राइव्ह १’ दिसली तर पेनड्राइव्हशिवाय दुसरं काही आहे का बघा, आणि असेल तर पीसी बंद करून झाकण पुन्हा उघडा.

पुढचं सोपं आहे. विंडोज टाकायच्या आधीच बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय करून ठेवा. मदरबोर्ड तोच राहिला तर विंडोजचं लायसन्स सहसा आपोआप ओळखलं जातं. ड्रायव्हर, अपडेट, फॉन्ट, प्रिंटर. अँटिव्हायरस वेगळा विकत घ्यायची गरज नाही, विंडोजचा स्वतःचा पुरे. दोन वेळा रीस्टार्ट करून बघा. सगळं ठीक असेल तरच पीसी बंद करून जुनी डिस्क जोडा, बायोसमध्ये एसएसडी पहिल्या नंबरला ठेवा. जुन्या डिस्कवरचं काही पुसायचं नाही, निदान सहा महिने.

रविवारी उचगावला जातोय. दाजी म्हणाले, सगळं तूच कर. म्हटलं, विंडोज तुम्हीच टाका, मी शेजारी बसतो. फक्त जुन्या डिस्कची लाल वायर काढून माझ्याकडं द्या, काम होईपर्यंत ती माझ्या खिशात राहील.