जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरचे टायमिंग हलवण्यापूर्वी

कोकणात आज दिसणारे बहुतेक ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगीचा करंट वाटणारा भाग) नसतो; त्यामुळे पुढील माहिती १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० च्या पेट्रोल मॉडेलसारख्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे. पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला असा ट्रॅक्टर दसऱ्याला सुरू झाला नाही, की ‘टायमिंग गेले’ (म्हणजे प्लगला ठिणगी पडण्याची वेळ चुकली) असे म्हणून लगेच पाना हातात घेतला जातो. डिस्ट्रिब्युटर जागी धरणारा क्लॅम्प घट्ट असेल, तर उभ्या ट्रॅक्टरचे टायमिंग सहसा हलत नाही. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेने आधी बिघडतात ते पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणारे संपर्क) आणि कॅप (डिस्ट्रिब्युटरचे झाकण).

प्रथम स्विच बंद करून कॅप काढावी आणि ती आतून उजेडात धरून पाहावी. दोन टोकांच्या मधोमध पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच पळतो आहे. अशी कॅप पुसून भागत नाही, बदलावीच लागते. केवळ ओल असेल, तर कोरड्या फडक्याने पुसावी. वायरींच्या टोकांवरचा हिरवट कीट खरवडून काढावा. पॉइंटवर पांढुरकी बुरशी आली असल्यास ते अगदी बारीक पॉलिश पेपरने घासावेत (एमरी पेपर वापरू नये, त्याची कच पॉइंटमध्ये रुतते). घासूनही ते पुन्हा लवकर जळू लागले, तर पॉइंटना जोडलेला कंडेन्सर तपासावा.

त्यानंतर पॉइंट उघडणाऱ्या कॅमचा (डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या दांड्यावरील भागाचा) उंचवटा पॉइंट पूर्ण उघडेल अशा जागी आणून, मॅन्युअलमध्ये दिलेले अंतर फिलर गेजने (अंतर मोजायच्या पातळ पट्टीने) लावावे. हे आधीच करायला हवे, कारण हे अंतर बदलले की टायमिंगही बदलते.

आता टायमिंग. गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून सर्व प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवावा आणि हवा अंगठ्याला ढकलू लागेपर्यंत हँडलने इंजिन सावकाश फिरवून टायमिंगची खूण जुळवावी. रोटरचे (कॅपखाली फिरणाऱ्या तुकड्याचे) तोंड कॅपमधील पहिल्या टोकाकडे असले पाहिजे; तेथून रोटरच्या दिशेने वायरींचा क्रम १-३-४-२ लागतो. कॉइलकडून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडून) येणारी वायर डिस्ट्रिब्युटरला जेथे जोडली आहे, तेथे १२ व्होल्टच्या लहान बल्बची एक तार लावावी, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावी आणि स्विच चालू करावा. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने, बल्ब विझेपर्यंत फिरवावा. मग उलट दिशेने अगदी हळू आणत, बल्ब पेटतो त्याच क्षणी थांबून क्लॅम्प आवळावा. स्विच विनाकारण चालू ठेवू नये, कॉइल तापते.

शेवटी हँडलने त्याच दिशेने पूर्ण दोन फेरे देऊन बल्ब नेमक्या खुणेवर पेटतो का ते पाहावे. खूण ओलांडली गेली, तर तेवढेच मागे न घेता आणखी दोन फेरे द्यावेत, कारण जुन्या गिअरमधील ढिलाई उलट फिरवताना हमखास फसवते.