एजंटचा कोड पुन्हा वापरायचाय? आधी त्याचं संभाषण वेगळं काढा

गोदामाचा एजंट (म्हणजे स्वतःहून निर्णय घेणारा, इतरांशी निरोपांनी बोलणारा प्रोग्राम) टेम्पोंच्या एजंटांकडून भाड्याचे दर मागवतो आणि परवडेल तो निवडतो. हे चालू झालं की तोच कोड दुसरीकडे, समजा छापखान्यातल्या मशीनवर कामं वाटायला, उचलावासा वाटतो. तिथेच घोडं अडतं, कारण दर मागवणं आणि दर पारखणं एकाच क्लासमध्ये कालवलेलं असतं. अख्खा एजंट सहसा दुसरीकडे बसत नाही. त्याचं संभाषण मात्र बसतं.

1. संभाषण कागदावर काढा. हा प्रकार म्हणजे टेंडरच. रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये तो ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ नावाने मांडला, पुढे एजंटांची मानकं ठरवणाऱ्या फिपा या संस्थेने त्याचं मानक केलं. मागणी, प्रस्ताव किंवा नकार, मग निवड, शेवटी काम झालं की फसलं याची खबर.

2. निर्णयाच्या जागा मोकळ्या सोडा. एजंट लिहायच्या जावातल्या जेड फ्रेमवर्कमध्ये मागणी करणाऱ्या बाजूचा ‘कॉन्ट्रॅक्टनेटइनिशिएटर’ हा क्लास तयार मिळतो. (जेड जुनं झालंय, पण प्रोटोकॉल शिकायला मला अजून तेच बरं वाटतं.) उत्तरं जमली की तो ‘हँडलऑलरिस्पॉन्सेस’ ही मेथड बोलावतो. निवड तिथेच करायची, पण निवडीचा नियम वेगळ्या इंटरफेसमागे ठेवायचा: गोदामाला स्वस्त टेम्पो हवा, छापखान्याला लवकर मोकळं होणारं मशीन. मग या वेगळ्या काढलेल्या संभाषणाच्या कोडच्या, म्हणजे कंपोनंटच्या, फोल्डरमध्ये ‘टेम्पो’ सर्च करा; एकदाही सापडता कामा नये.

3. निरोप गाळून घ्या. सगळ्यात जास्त डोकं इथे खाल्लं जातं. एका एजंटच्या सगळ्या बिहेवियरना (जेडमध्ये एजंटच्या एकेका कामाचा कोड म्हणजे बिहेवियर) मिळून निरोपांची रांग एकच असते. तुमच्या कंपोनंटने सरसकट ‘रिसीव्ह’ केलं, तर शेजारच्या बिहेवियरचा निरोप हाच गिळतो आणि ते बिचारं वाट बघत बसतं. एरर काहीच येत नाही. म्हणून ‘मेसेजटेम्प्लेट’ लावून आपला प्रोटोकॉल आणि आपला कॉन्व्हर्सेशन-आयडी असलेलेच निरोप उचला. निरोप नसेल तर ‘ब्लॉक’ म्हणून बाहेर पडा. ‘थ्रेड.स्लीप’ नको: सगळी बिहेवियर एकाच थ्रेडवर चालतात, एक झोपलं की एजंटच झोपला.

4. मुदत घाला. मागणीत ‘रिप्लाय-बाय’ नसेल, तर एक गप्प टेम्पो सगळं टेंडर अडकवून ठेवतो.

5. एजंटांची नावं कोडात लिहू नका. डिरेक्टरी फॅसिलिटेटरकडे, म्हणजे कोणता एजंट कोणती सेवा देतो याच्या नोंदवहीत, सेवेच्या प्रकारावरून शोधा.

6. छापखान्यात नेण्याआधी तीन खोटे एजंट उभे करा: एक नकार देणारा, एक गप्प बसणारा आणि एक मुदत उलटल्यावर प्रस्ताव धाडणारा. तिसरा हमखास काहीतरी उघडं पाडतो.