चिखलाचा राडा धुतल्यावर: दोन ट्रेलच्या (कच्च्या वाटांवरच्या फेऱ्यांच्या) मधल्या दिवसांत गाडीचं काय करायचं

भर पावसात कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाऊन आलेली फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) धुऊन-पुसून उभी केली की काम संपलं, असं नव्याने या छंदात आलेल्यांना वाटतं. आमच्या मते खरं काम तिथून सुरू होतं. ट्रेलवर दगड लागून मोडलेली वस्तू लगेच दिसते. आत शिरलेलं पाणी मात्र गाडी उभी असताना गुपचूप बेअरिंगला गंज चढवतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी आवाज यायला लागतो. म्हणून परत आल्यावरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे.

सुरुवात एक्सलच्या तेलापासून करा. गाडी धावताना डिफरन्शियलचं हाऊजिंग, म्हणजे एक्सलवरचा गिअर असलेला गोळा, तापलेलं असतं. ते ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर (हाऊजिंगची हवा आत-बाहेर जाण्याची वाट) पाण्याखाली असेल तर तिथून, आणि चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. म्हणजे सील शाबूत असूनही पाणी आत जाऊ शकतं, आणि नव्या माणसाला नेमकं हेच ठाऊक नसतं.

गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी ठेवा. सकाळी आधी भरायचा प्लग सैल करून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा प्लग आधीच काढला असेल, तर तेल सांडलेलं आणि भरायला वाट नाही, अशी अडचण होते. वरचा प्लग निघाला की करंगळी आत घाला. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. बोटावर आलेलं तेल तपकिरी आणि पारदर्शक असेल तर ठीक. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे. मग खालचा प्लग अगदी थोडा सैल करा. रात्रभरात तळाला बसलेलं सुटं पाणी असेल तर तेलाच्या आधी तेच ठिबकतं.

तेल दुधाळ निघालं तर एकदा बदलून भागत नाही. त्याच ग्रेडचं स्वस्त तेल भरा, २०-२५ किलोमीटर गाडी फिरवा, गरम असतानाच काढा आणि मग चांगलं तेल भरा. डिफरन्शियलला बहुतेक गाड्यांत जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० घट्टपणाचं तेल लागतं. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ सांगितलं असेल तर तिथे जीएल-५ ओतू नका, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांवर त्याचा परिणाम होतो. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लेप नेहमीचाच. सुईसारखे किंवा खपल्यासारखे तुकडे दिसले तर हाऊजिंग उघडायची वेळ आली. काढलेलं तेल डब्यात साठवून भंगार तेल घेणाऱ्याकडे द्या. गटारात ओतलेलं शेवटी पंचगंगेतच जातं.

यावरून पहिलं अपग्रेड कोणतं, हे आपोआप ठरतं: ब्रीदर वर नेणं. एक्सलवरच्या निपलवर घट्ट बसणारी, तेलाला टिकणारी रबरी नळी घ्या, ती बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) वरच्या अंगाला न्या आणि टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावा. एक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी ताण येणार नाही इतकी ती ढिली ठेवा. खर्च काही शेकड्यांत. तरीही लोक आधी स्नॉर्कल (इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारी नळी) बसवतात. स्नॉर्कल फक्त इंजिनच्या हवेची सोय करतो, आणि तीही एअर बॉक्सपर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद असेल तरच.

यानंतर मागचे ड्रम ब्रेक. आपल्याकडचा जांभ्याचा तांबडा गाळ ड्रममध्ये शिरला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. बाहेरून कितीही पाणी मारा, तो आतच राहतो. चाक उतरवा, ड्रम काढा, शूच्या मागचा गाळ ओल्या फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने काढा. हवेने फुंकू नका, ती धूळ छातीत जाते. व्हील सिलिंडरचं रबर अलगद उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर पाझरतोय. अॅडजस्टरचा आटा हाताने फिरला पाहिजे. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या काळ्या रानातून आला असाल तर रिमच्या आतली बाजूही खरवडा. वाळलेली काळी माती चाकाचा बॅलन्स घालवते आणि माणूस विनाकारण स्टिअरिंगमध्ये दोष शोधत बसतो.

चाक जमिनीवरून उचललेलं असतानाच, गाडी स्टँडवर नीट टेकवून, खेळ तपासा. वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर तो गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर चाक वळतं तो सांधा, म्हणजे किंगपिन किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावरच खेळ येत असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा टोकाचा सांधा) बघा. पुढे सॉलिड (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध) एक्सल असलेल्या जिप्सी, जिम्नीसारख्या गाड्यांत ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं, त्याचं मूळ बहुतेकदा यातच असतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून थरथर काही दिवस दबते आणि झिजलेला भाग तसाच झिजत राहतो.

एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीसचं निपल असेल तर चारही कपांच्या कडेतून नवं ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. तीन बाजूंनी आलं आणि चौथी कोरडी राहिली, तर तोच कप आधी जाणार. शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा दाब द्या. सीलबंद क्रॉसला ग्रीस जात नाही, खेळ आला की तो बदलायचा. सीव्ही बूटला (चाक फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटवरच्या रबराला) चीर पडली असेल तर त्याच आठवड्यात बदला. आत वाळू गेल्यावर जॉइंट फार दिवस टिकत नाही.

रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की जाळ्या आडव्या होतात. एअर फिल्टर काढून बॉक्सच्या तळाला ओल आहे का बघा. असेल तर पाणी इनटेकपर्यंत आलं होतं. आणि इंजिन पाण्यातच बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता अपग्रेड. ब्रीदरनंतर गाडी ओढून काढायच्या जागा. ट्रकवर गाडी बांधायला दिलेला कारखान्याचा हुक झटका सोसण्यासाठी नसतो आणि टो बॉलला पट्टा कधीही अडकवू नये. बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. ओढायचा पॉइंट चासीलाच, १०.९ दर्जाच्या बोल्टने हवा.

टायरबाबत मोह आवरा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास साधारण ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०४, म्हणजे दीड टक्का वाढ. २३५/७५ ला ७३४, जवळपास सहा टक्के. एक्सल जमिनीपासून उंचावतो तो फक्त निम्म्याने, २० मिमी. त्यासाठी पिकअप, ब्रेक, क्लच सगळ्यांवर भार येतो. नव्या माणसाने मूळ मापाचा किंवा त्याच्या अगदी जवळचा ऑल-टेरेन टायर घ्यावा आणि कच्च्यावर १८-२० पीएसआयपर्यंत हवा कमी करायला शिकावं. परत भरायला कंप्रेसर सोबत हवाच.

स्किड प्लेट (गाडीच्या पोटाला दगडांपासून वाचवणारा पत्रा) करायला कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरात कापणं, वाकवणं, वेल्डिंग सगळं एका गल्लीत होतं. ४ मिमीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला ३१ किलो भरतो, म्हणून गरजेपुरताच घ्या. तेल काढायच्या प्लगसमोर भोक आणि चिखल गळायला खाचा ठेवायला आधीच सांगा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बाबतीत मात्र कारागिराला नीट समजावून द्यावं लागतं. त्याचा हात उसाच्या ट्रॉली आणि ट्रकवर बसलेला, त्यामुळे तो सहज एक पाटा वाढवतो. त्याने गाडी उचलली जाते खरी, पण कडक होते. खाचखळग्यात एक चाक हवेत राहतं, जे आपल्याला नकोच असतं. दोन इंच उचललेल्या जिम्नीत पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) एक्सल एका बाजूला सरकतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ राहायला मदत करणारा कल) कमी होतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. हे तिन्ही दुरुस्त करायचं बजेट नसेल तर गाडी उचलू नका. शिवाय आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, आणि विम्याचा दावा करताना ते आडवे येऊ शकतात.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटारीचं यंत्र) सगळ्यात शेवटी. पूर्ण भाराला ती ४०० अँपिअरच्या आसपास खेचते, वजन ३५-४० किलो, तेही सगळं नाकावर. जादा दिव्यांना मात्र फार काही लागत नाही. ६० वॅटचे दोन म्हणजे १० अँपिअर. २.५ चौरस मिमीची वायर, रिले, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज.

पाट्यांचं काम केलं असेल तर पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा तितका धर देत नाहीत. १०० किलोमीटरला आणि मग ५०० ला टॉर्क पान्याने परत आवळा. आवळून झाल्यावर नट आणि प्लेटवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढा. ट्रेलवर चहाला थांबलात की खाली वाकून बघायचं. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, तिथेच पाना लावा.