जुन्या वाड्याच्या बाथरूममधलं तिसरं भोक

साताऱ्याच्या पेठांतले वाडे आता आतून नवे होताहेत. न्हाणीघराचं बाथरूम होतं, बंब जातो, गीझर येतो आणि मालक म्हणतो, "इथे एक प्लग काढून द्या." आयटीआय करून नुकतंच काम धरलेल्या वायरमनला हे अर्ध्या दिवसाचं काम वाटतं. फेज, न्यूट्रल, एमसीबी तुम्हाला येतं; ते इथे सांगत नाही. सांगायचं आहे ते थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाबद्दल, म्हणजे अर्थबद्दल.

आधी जागा. शॉवरखाली सव्वादोन मीटर उंचीपर्यंत आणि तिथून बाजूला ६० सेंटीमीटरपर्यंत सॉकेट नको. चार बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात मग जवळपास जागाच उरत नाही. म्हणून गीझरला सॉकेट देऊच नका. दाराबाहेर २० अँपिअरचा, दिवा असलेला डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) द्या आणि तिथून थेट जोडणी करा. दोन किलोवॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॉटचा तेरा. १६ चा एमसीबी पुरतो. वायर अडीच चौरस मिलिमीटरची चालते, पण लांबचा पल्ला असेल तर चारची ओढा. वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट बाहेरच्या पडवीत छान बसतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीत बॉक्स पीओपीने बसवू नका. पीओपी ओल धरतं आणि चार वेळा प्लग ओढला की बॉक्स हातात येतो. जाळी घालून सिमेंटमध्ये बसवा.

आता खरा खड्डा. ओळखीचा आहे, म्हणून जास्त उगाळतोय.

जुनी बॅटन म्हणजे लाकडी पट्टीवरची वायरिंग दोन तारांची असते. तिथे कुणीतरी कधीतरी थ्री-पिन सॉकेट बसवलेलं असतं आणि अर्थ नाही म्हणून आतल्या आत न्यूट्रलवरून एक तुकडा वरच्या पिनला मारलेला असतो. "न्यूट्रल न् अर्थ शेवटी एकच" हे शिकवणारे मिस्त्री अजून आहेत. हात त्यांचा चांगला असेल, तेवढा घ्या. हे वाक्य मात्र तिथेच सोडा. तीन दिव्यांचं सॉकेट टेस्टर अशा जागी "सगळं बरोबर" दाखवतं, कारण त्याला अर्थ आणि न्यूट्रल वेगळे ओळखता येत नाहीत. त्याच्या भरवशावर बोर्ड बंद करू नका.

यात बिघडतं काय? जुन्या मेनबोर्डात न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज असायचा. तो उडाला किंवा न्यूट्रलचा जोड सुटला की फेज गीझरच्या एलिमेंटमधून न्यूट्रलवर येतो, त्या तुकड्यातून गीझरच्या अंगावर जातो. एमसीबीला त्याचं काही नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गेलेल्या आणि आलेल्या करंटमध्ये फरक पडला की लाइन तोडणारं यंत्र) लावली तरी बारीक गळती त्याच तुकड्यातून न्यूट्रलवर परत येते. गेलेला आणि आलेला करंट सारखाच, म्हणून ती गप्प. न्यूट्रल तुटल्यावर ती पडेल, पण कुणीतरी ओल्या अंगाने गीझरला हात लावल्यावर. आरसीसीबीचं टेस्ट बटनही यातलं काही सांगत नाही. ते फक्त यंत्र चालू आहे एवढंच सांगतं.

दुसरी तऱ्हा नूतनीकरणाचीच. पूर्वी अर्थ जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी नळाला बांधायचे. प्लंबर सीपीव्हीसीचा प्लास्टिक नळ टाकतो, जुना नळ कापतो आणि हिरवी वायर भिंतीत कशालाच न जोडलेली राहते. दिसायला अर्थ आहेच.

तपासणी अवघड नाही, घाबरू नका. मेनचा डीपी आयसोलेटर पाडा, म्हणजे न्यूट्रलही तुटेल. मग मल्टीमीटरने सॉकेटचं न्यूट्रल आणि अर्थ तपासा. जवळजवळ शून्य ओहम आलं, तर कुठेतरी तो तुकडा आहे. नंतर लाइन चालू करून, आरसीसीबीचं बटन दाबून ती चालते हे पाहून, १५ वॉटचा फिलामेंटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावा. तो साधारण ६५ मिलिअँपिअर ओढतो. आरसीसीबी लगेच पडली तर अर्थला वाट आहे. बल्ब पेटून राहिला तर अर्थ न्यूट्रललाच जोडलाय. पेटलाही नाही आणि काही पडलंही नाही तर अर्थ मेलेला. या वेळी घरात कुणाचा हात गीझरला किंवा लोखंडी नळाला लागता कामा नये, कारण मेलेल्या अर्थवर बल्बमधून फेज चढतो. एलईडी बल्बने ही चाचणी करू नका. आणि वाट आहे म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं नाही; त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो.

तुकडा सापडला तर कापा आणि बोर्डापासून वेगळी हिरवी वायर ओढा. इमारतीपासून निदान दीड मीटर दूर ३८ मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. सांगलीच्या काळ्या मातीत हे सहज होतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला खडक लागतो, तिथे दोन पाइप टाकून जोडावे लागू शकतात, हे मालकाला आधीच सांगा. सांगलीत २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी शिरलेल्या घरात तळमजल्याचे कंड्युट (वायरचे पाइप) गाळाने भरलेले निघतात. तिथे ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर वायर बदलाच.

हे सगळं नीट केलं तरी पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडत राहू शकते. ती खराबच असेल असं नाही. बाथरूमच्या दिव्याचा न्यूट्रल बहुधा जिन्याच्या सर्किटवरून उसना घेतलेला असतो, म्हणून गेलेला करंट आरसीसीबीतून परत येत नाही. आरसीसीबीच्या न्यूट्रलची लिंक (सगळे न्यूट्रल जोडायची पट्टी) वेगळी ठेवा, एकेक न्यूट्रल सोडून पाहा. ज्यावर पडायची थांबेल, तोच.