पावसाने कललेला माझा लाकडी पूल

रत्नागिरीच्या आषाढात माझ्या खेळण्यातल्या रेल्वेचा 1:87 मापाचा लाकडी ट्रेसल पूल, म्हणजे खांबांच्या चौकटींवर उभा असलेला पूल, सरळ पुढे कलला. (आमच्या पानवलचा कोकण रेल्वेचा पूल 64 मीटर उंच, पण तो काँक्रीटचा. त्याला कसली ओल!) आधी दमट हवेला शिव्या घातल्या. मग पट्टी घेऊन बसलो, तर चूक माझीच.

प्रत्येक चौकटीत फुलीचे आधार होते, पण एक चौकट दुसरीला बांधणारी, लांबीच्या दिशेची पट्टी एकही नव्हती. इंजिन थांबताना जोर नेमका त्याच दिशेने बसतो. पत्त्यांचा बंगलाच तो! शिवाय रुळांत अंतर 16.5 मिलिमीटर, आणि तुळया मी दिसायला बऱ्या म्हणून बाहेर सरकवलेल्या. त्या रुळांखालीच हव्यात, नाहीतर स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, वाकतात.

चौकटींमधलं अंतर 70 वरून 52 मिलिमीटरवर आणलं, म्हणजे खऱ्या पुलातले साधारण 15 फूट. 12 इंची खांबांसाठी साडेतीन मिलिमीटरच्या सागवानी काड्या, सुताराकडच्या कातरणातून. बाहेरचे खांब पायाशी फाकवले, लांबीच्या पट्ट्या ठोकल्या. शेवटी लाखेचं पॉलिश, कापलेल्या टोकांना दोन हात जास्त, कारण लाकूड ओल तिथूनच जास्त पितं.

श्रावण संपत आला, पूल अजून ओळंब्यात आहे.