नागपूरच्या उन्हात ईव्ही फास्ट चार्ज करताय? हे बघा
मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, अन् भर दुपारी वर्धा रोडवरून गाडी तापवत आणून लगेच फास्ट चार्जरला लावली की चार्जिंग रांगत होते, मग लोकं चार्जरच्या नावानं बोंबलतात. पण बहुतेक वेळा चार्जरचा दोष नसतो भाऊ, बॅटरी गरम असली की गाडीची बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) स्वतःच करंट कमी करते. जमेल तर सकाळी नाहीतर रात्री लावा, स्कूटर असेल तर आधी जरा सावलीत थंड होऊ द्या.

आणि फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांच्या पुढे उगाच थांबू नका. तिथपर्यंत सेलचं व्होल्टेज मर्यादेला टेकत आलेलं असतं, करंट उतरवावाच लागतो, जबरदस्ती केली तर लिथियम सेलमधल्या ग्राफाइटच्या थरात शिरायच्या ऐवजी त्याच्या वरच साचतं अन् बॅटरीची क्षमता कायमची घटते. समृद्धीवर 120 नं हाणणार असाल तर रेंज कंपनीच्या आकड्यापेक्षा बरीच कमी धरा.

धरमपेठ-हिंगण्याच्या रोजच्या चकरांना घरचा 15 अँपिअरचा प्लग पुरतो, अर्थिंग तेवढं तपासून घ्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाल्यांनी मात्र अधूनमधून 100 पर्यंत न्यावी, पण घरीच स्लो चार्जिंगवर, नाहीतर टक्केवारी चुकीची दाखवते.